हायड्रॉक्सिॲपटाइटवर ॲल्ब्युमिन: दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर कुठे पाहायचं

हायड्रॉक्सिॲपटाइटची (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटची) बाटली तीच, बीएसए (गाईच्या रक्तातलं ॲल्ब्युमिन हे प्रथिन) तेच, प्रोटोकॉलही तोच. मागच्या वेळी १ ग्रॅम पावडरवर ८० मिलिग्रॅम ॲल्ब्युमिन बसलं होतं, आज ३५ बसलं. भट्टीत भाजलेल्या नमुन्याचा आकडा तर उणे आला. हाडातली पोकळी भरण्यासाठीच्या कॅल्शियम फॉस्फेटवर काम करणाऱ्या लॅबमध्ये ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा त्यावर उपाय म्हणून तोच प्रयोग आणखी काही वेळा करून सरासरी काढली जाते. सरासरीनं हे सुटत नाही. आकडा हलण्यामागे ठरावीक कारणं असतात आणि ती एकेक करून तपासता येतात, फक्त तपासण्याचा क्रम नीट हवा.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. शस्त्रक्रियेत हाडाच्या पोकळीत या कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरतात तेव्हा ते पहिल्यांदा रक्तात भिजतात. कित्येकदा सर्जन स्वतःच ते रुग्णाच्या रक्तात कालवून मग भरतात. काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं दाण्यावर बसतात. पेशी त्यानंतर पोचतात. म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशीला सिरॅमिक उघडं कधी दिसतच नाही, तिला दिसतो प्रथिनांचा थर. त्या थरात फायब्रोनेक्टिन हे प्रथिन किती आहे आणि पेशीला धरता येईल असा त्याचा भाग वर आहे की खाली दबलाय, यावर ती तिथे टिकेल की नाही हे ठरतं. या थराचा आकडाच भरवशाचा नसेल तर पुढच्या पेशींच्या प्रयोगांचा अर्थ लावता येत नाही.

माझं मत असं की या तक्रारींपैकी बहुतेकांत दोष प्रथिनाचा नसतो. कॅल्शियम फॉस्फेट द्रवात गेलं की बदलायला लागतं. थोडं विरघळतं, थोडं नव्यानं जमतं, द्रवातले आयन पृष्ठभागावर घेतं आणि आपले सोडतं. बाटलीवर नाव एका पदार्थाचं असतं, आणि प्रथिनाला भेटतो तो त्या द्रवात तयार झालेला वेगळाच पृष्ठभाग. आकडा वेगळा आला की पहिला प्रश्न हा विचारा: द्रवात काय होतं?

पण त्याआधी मोजणीची शंका फेडून घेऊ, कारण ती सर्वांत लवकर फिटते.

उणे आकडा आणि पसरलेले आकडे

आपण सहसा बसलेलं प्रथिन थेट मोजत नाही. सुरुवातीला द्रावणात किती होतं आणि शेवटी किती उरलं, यांची वजाबाकी करतो. दोन मोठ्या संख्यांमधला लहान फरक काढायचा म्हटलं की चूक फुगते. हिशोब करून पाहा. ॲल्ब्युमिनचा एक भरीव थर म्हणजे ढोबळमानानं दर चौरस मीटरला २ मिलिग्रॅम. ओल्या पद्धतीनं बनवलेल्या, न भाजलेल्या नॅनो पावडरचं पृष्ठफळ ग्रॅमला ६० चौरस मीटर धरा. १० मिलिग्रॅम पावडर घेतली तर पृष्ठफळ ०.६ चौरस मीटर, त्यावर जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम ॲल्ब्युमिन बसेल. द्रावण १ मिलिलिटर आणि त्यात २ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर निम्म्याहून जास्त निघून जातं. फरक ठळक दिसतो.

आता तीच पावडर ११५० अंशांवर भाजा. पृष्ठफळ ग्रॅमला १ चौरस मीटरच्या आसपास उतरतं. १० मिलिग्रॅमवर आता बसू शकतं जेमतेम ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे द्रावणातल्या प्रथिनाच्या १ टक्का. ब्रॅडफर्ड पद्धतीत (रंगाच्या छटेवरून प्रथिन मोजण्याच्या) पिपेटची आणि रंगाची मिळून चूक सहज ५ टक्के असते. मग उत्तर शून्य, उणे, काहीही येऊ शकतं, आणि त्यातलं कुठलंच खरं नसतं. भाजलेल्या नमुन्यासाठी वजन वाढवा. ५०० मिलिग्रॅम दाणे घेतले की ०.५ चौरस मीटर मिळतं आणि फरक पुन्हा मोजण्याजोगा होतो. दोन नमुन्यांची तुलना करताना वजन सारखं ठेवण्याची सवय आपल्याला लागलेली असते. इथे सारखं ठेवायचं ते पृष्ठफळ. बीईटीचा (नायट्रोजन वापरून मोजलेल्या पृष्ठफळाचा) आकडा नसताना हा प्रयोग सुरूच करू नये, असं मी आग्रहानं म्हणेन.

दुसरी गोष्ट, वर राहिलेल्या द्रवातले कण. सेंट्रिफ्यूज केल्यावर द्रव स्वच्छ दिसतो, पण नॅनो कण पूर्ण खाली बसलेले नसतात. यातला खरा फसवा भाग असा की ॲल्ब्युमिनचा थर बसलेले कण एकमेकांना कमी चिकटतात आणि द्रवात जास्त वेळ तरंगतात. त्यामुळे बिनप्रथिनाचा ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) नितळ निघतो आणि प्रथिनाच्या ट्यूबमध्ये मात्र कण राहतात. ब्लँक वजा करून हे जात नाही. तपासायला सोपं आहे: तोच द्रव ३२० नॅनोमीटरला वाचा. तिथे प्रथिन प्रकाश शोषत नाही, म्हणून जे रीडिंग येईल ते कणांचं.

हे कण ब्रॅडफर्डमध्ये दुहेरी घोळ करतात. त्या रंगद्रावणात फॉस्फोरिक आम्ल असतं. हायड्रॉक्सिॲपटाइट आम्लात विरघळतं, कणांवर बसलेलं प्रथिन सुटतं आणि 'द्रवात उरलेलं' म्हणून मोजलं जातं. म्हणजे पावडरनं घेतलेलं प्रथिन तुम्ही पावडरनं न घेतलेल्यात धरता. बीसीए ही प्रथिन मोजण्याची दुसरी पद्धत याच्या उलट टोकाची, खूप अल्कधर्मी. तिथे कण तसेच राहतात आणि ५६२ नॅनोमीटरला प्रकाश विखुरतात. शिवाय द्रवात कॅल्शियम बरंच उतरलं असेल तर त्या अभिकर्मकातल्या कार्बोनेटशी मिळून गढूळपणा येऊ शकतो. दोन्हीवर उपाय एकच: जास्त वेगानं आणि जास्त वेळ सेंट्रिफ्यूज करा, वरचा अर्धाच द्रव उचला, लागलंच तर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. फिल्टर पीईएस किंवा कमी प्रथिन धरणाऱ्या पीव्हीडीएफचा हवा. नायलॉन आणि नायट्रोसेल्युलोज स्वतःच प्रथिन धरतात.

ब्लँक दोन लागतात. एक पावडर आणि बफर, प्रथिनाशिवाय. दुसरा प्रथिन आणि बफर, पावडरशिवाय, त्याच ट्यूबमध्ये, तितकाच वेळ हलवलेला. दुसरा ब्लँक बरेच जण टाळतात. प्रथिनाची तीव्रता कमी असेल तेव्हा ट्यूबच्या भिंतीवर बसणारा वाटा लहान राहत नाही. हलवण्याचा वेगही बेतानं ठेवा. फेस आला की हवा आणि द्रवाच्या सीमेवर प्रथिनाची घडी मोडते, आणि असं मोडलेलं ॲल्ब्युमिन वेगळं वागतं.

आणि एक छोटी सूचना: फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) किंवा आयजीजी (रक्तातलं प्रतिपिंड) मोजताना बीएसएचा स्टँडर्ड ग्राफ वापरू नका. ब्रॅडफर्डच्या रंगाला बीएसए इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, आयजीजीच्या तर जवळपास दुप्पट. जे मोजायचं त्याचाच ग्राफ काढा.

बफर

मोजणी निर्दोष असूनही आकडा हलत असेल तर माझा पहिला संशय पीबीएसवर (फॉस्फेटच्या खारट बफरवर) असतो. पेशींच्या कामात पीबीएस इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते तटस्थ आहे असं आपण गृहीत धरतो. या प्रयोगात ते तटस्थ मुळीच नाही.

कारण प्रथिन इथे बसतं कसं, यात आहे. हायड्रॉक्सिॲपटाइटच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या जागा असतात: कॅल्शियमच्या, धनभारित, आणि फॉस्फेटच्या, ऋणभारित. ॲल्ब्युमिनसारखं आम्लधर्मी प्रथिन आपल्या कार्बोक्सिल गटांनी कॅल्शियमच्या जागा धरतं. लायसोझाइमसारखं अल्कधर्मी प्रथिन अमिनो गटांनी फॉस्फेटच्या जागांकडे जातं. हे नव्यानं कळलेलं नाही. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी सहकाऱ्यांबरोबर १९५६ साली कॅल्शियम फॉस्फेटचे स्तंभ भरून प्रथिनं वेगळी करून दाखवली, आणि आजही त्या स्तंभावरून प्रथिन उतरवायला फॉस्फेटची तीव्रता वाढवत नेतात. प्रथिन ज्या द्रावणानं सोडवतात, त्याचंच पातळ रूप वापरून आपण प्रथिन बसवायला बघतो.

आकडे शेजारी ठेवले की गोष्ट उघड होते. रक्तात अजैविक फॉस्फेट सुमारे १ मिलिमोलर असतं. नेहमीच्या पीबीएसमध्ये सुमारे १०. रक्तात मोकळं, आयन रूपातलं कॅल्शियम १.२ मिलिमोलरच्या आसपास असतं. साध्या पीबीएसमध्ये कॅल्शियम शून्य. म्हणजे एकीकडे फॉस्फेट कॅल्शियमच्या जागा अडवतं आणि पृष्ठभाग जास्त ऋणभारित करतं, दुसरीकडे कॅल्शियम नसल्यामुळे पृष्ठभागातून ते निघायला लागतं. ॲल्ब्युमिन ७.४ पीएचला स्वतः ऋणभारित. त्याला बसायला जागाही कमी आणि वर भारांचं प्रतिकर्षण. एका वेळी पीबीएस आणि दुसऱ्या वेळी पाणी किंवा ट्रिस (फॉस्फेट नसलेला बफर) वापरलं असेल, तर ८० आणि ३५ मधला फरक मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

साधं पाणीही चालणार नाही. त्यात पीएच मोकाट सुटतो आणि पावडर विरघळत राहते. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तर हायड्रॉक्सिॲपटाइटपेक्षा जास्त विरघळतं, आणि अल्फा रूप पाण्यात हळूहळू कॅल्शियम कमी असलेल्या ॲपटाइटमध्येच बदलतं. हाडाच्या काही सिमेंटांचं घट्ट होणं याच क्रियेवर उभं आहे. त्यावर २४ तासांचा प्रयोग केला तर शेवटी पावडर सुरुवातीची राहिलेली नसते.

मग सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड घेऊ का, असं विचारलं जातं. क्योटो विद्यापीठाच्या तादाशी कोकुबो यांचं हे द्रावण रक्तद्रवाच्या आयनांसारखं बनवलेलं आहे: कॅल्शियम २.५ मिलिमोलर, फॉस्फेट १.० मिलिमोलर, ३६.५ अंशांना पीएच ७.४०. पण रक्तातल्या एकूण कॅल्शियमपैकी मोठा हिस्सा प्रथिनांना, मुख्यतः ॲल्ब्युमिनला बांधलेला असतो. त्या द्रावणात प्रथिनं नाहीत, त्यामुळे सगळं कॅल्शियम जवळपास मोकळं. ते ॲपटाइटच्या बाबतीत अतिसंतृप्त असतं आणि पृष्ठभागावर नवा ॲपटाइट वाढवतं. त्याचा मूळ हेतूच तो आहे. तुम्ही त्यात बीएसए टाकलं की प्रथिन पृष्ठभागावर बसतं आणि त्याच वेळी वाढत्या खनिजात गाडलंही जातं. आकडा मोठा येतो, धुऊन प्रथिन निघत नाही, आणि आपण त्याला घट्ट अधिशोषण म्हणतो. खनिजाची वाढ अभ्यासायची असेल तर हे द्रावण घ्या. नुसतं प्रथिनाचं बसणं मोजायचं असेल तर घेऊ नका.

मी सुचवतो ते असं. १० मिलिमोलर हेपेस (हाही फॉस्फेट नसलेला बफर), १५० मिलिमोलर मीठ, पीएच ७.४. या बफरमध्ये तुमचीच पावडर टाकून रात्रभर ३७ अंशांवर हलवत ठेवा, पीएच पुन्हा ७.४ वर आणा, गाळा. आता हा द्रव त्या पावडरीशी समतोलाला आलेला आहे, नवी पावडर टाकली तरी ती फारशी विरघळणार नाही. याच द्रवात प्रथिन विरघळवा आणि ब्लँकही याच द्रवाचे करा. हा एक रात्रीचा खटाटोप आहे, पण आकड्यांचा पसारा जितका यानं आवरतो तितका दुसऱ्या कशानंही नाही. हायड्रॉक्सिॲपटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांची तुलना असेल तर प्रत्येकाचा बफर वेगळा तयार करावा लागेल, आणि दोन्हींत कॅल्शियम किती उतरलं ते मोजून लिहावं लागेल. कारण द्रवात १–२ मिलिमोलर कॅल्शियम असलं तरी ॲल्ब्युमिनचं बसणं वाढतं. ज्याला आपण 'ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा गुण' समजतो, तो कधी कधी फक्त त्यातून सुटलेल्या कॅल्शियमचा परिणाम असतो.

प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर, दोन्ही वेळा पीएच मोजा. फक्त आधीचा पीएच लिहिलेल्या नोंदवहीवरून कारण शोधणं फार अवघड जातं.

तापमानाचंही इथेच सांगतो. 'रूम टेंपरेचर' असं लिहिलेला प्रोटोकॉल नागपुरात मे महिन्यात केला आणि डिसेंबरात केला तर ते दोन वेगळे प्रयोग आहेत. इनक्युबेटर वापरा.

बफर सारखा, तरीही बॅच बदलली की आकडा बदलतो

आता पावडरकडे. कॅल्शियम नायट्रेट आणि डायअमोनियम फॉस्फेट घेऊन, अमोनियानं पीएच वर ठेवून साका पाडायचा, ही पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ हवं. ते थोडं जरी ढळलं तरी भाजल्यावर दुसरा पदार्थ तयार होतो. कमी असेल तर बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, जास्त असेल तर कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना. हा चुना टक्का-दीड टक्का असला तरी पाण्यात पीएच झपाट्यानं वर नेतो, आणि सौम्य बफर त्यापुढे टिकत नाही.

हे पकडायला सोपी चाचणी आहे. चिमूटभर पावडर पाण्यात हलवा, फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झालं तर चुना आहे असं समजा. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) तांब्याच्या किरणांना कॅल्शियम ऑक्साइडची रेघ ३७.४ अंशांच्या आसपास येते आणि बीटा रूपाची मुख्य रेघ ३१ अंशांजवळ, हायड्रॉक्सिॲपटाइटच्या ३१.८ च्या अगदी शेजारी. घाईघाईनं केलेल्या स्कॅनमध्ये ती सहज लपते. त्या भागात सावकाश स्कॅन करा.

न भाजलेल्या पावडरीत नायट्रेट राहिलेलं असतं. एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या चाचणीत) १३८४ प्रति सेंटीमीटरला बारीक टोकदार रेघ दिसली तर धुणं अपुरं आहे. धुतलेल्या पाण्याची विद्युतवाहकता उतरून स्थिर होईपर्यंत धुवा. 'तीन वेळा धुतलं' हे प्रमाण पुरेसं नाही.

न भाजलेल्या नॅनो ॲपटाइटचा आणखी एक स्वभाव आहे. त्याच्या कणांभोवती पाणी आणि हलते आयन असलेला, नीट स्फटिक न झालेला थर असतो. हाडातल्या खनिजातही असा थर असतो, म्हणूनच ही पावडर हाडाच्या जवळची मानतात. पण दमट कपाटात महिनोन्‌महिने ठेवली की हा थर पक्व होत जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, आणि त्याची आयन देण्याघेण्याची क्षमता कमी होते. जूनमध्ये उघडलेली बाटली आणि ऑक्टोबरातली तीच बाटली यांत फरक पडतो तो असा. फ्रीझ-ड्राय करून लहान लहान भागांत बंद करा आणि प्रत्येक वेळी नवा भाग उघडा.

निर्जंतुकीकरणही लक्षात घ्या. ऑटोक्लेव्हमधली १२१ अंशांची वाफ भाजलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटचं विशेष काही करत नाही, पण अस्फटिक कॅल्शियम फॉस्फेट तिच्यात ॲपटाइट होतं, आणि ब्रुशाइट या दुसऱ्या कॅल्शियम फॉस्फेटमधलं पाणी उष्णतेनं जाऊन त्याचं मोनेटाइट होतं. पेशींच्या प्रयोगाचे नमुने ऑटोक्लेव्ह केलेले आणि प्रथिनाच्या प्रयोगाचे तसेच, असं असेल तर दोन्हींचे निष्कर्ष एकमेकांना जोडू नका.

सच्छिद्र दाण्यांच्या बाबतीत एवढंच: छिद्रांत हवा अडकते. बफरमध्ये बुडवून काही मिनिटं निर्वात पंप लावा, बुडबुडे थांबले की मगच प्रथिन घाला. आणि बीईटीमध्ये नायट्रोजनचा रेणू ज्या फटीत शिरतो तिथे ॲल्ब्युमिन शिरेलच असं नाही. ॲल्ब्युमिनचा रेणू सुमारे ८ नॅनोमीटर रुंद असतो. त्यामुळे दर चौरस मीटरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर बहुतेक वेळा कारण तिथेच असतं.

बसलेलं प्रथिन परत निघत नाही

वजाबाकीचा आकडा पडताळायला बसलेलं प्रथिन उतरवून मोजणं उत्तम. इथे एसडीएसनं (साबणासारख्या रसायनानं) धुऊन निम्मंच परत मिळतं आणि हिशोब जुळत नाही. एसडीएस प्रथिनाची घडी मोडतं, पण कार्बोक्सिल आणि कॅल्शियमची जोडी सोडवायला फॉस्फेट जास्त कामाचं. ०.४ ते ०.५ मोलर फॉस्फेट बफरनं धुवा. तो सोडियमचा घ्या. पोटॅशियम फॉस्फेट आणि एसडीएस एकत्र आले तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका पडतो, आणि तो प्रथिनाचा साका समजून लोक दिवस घालवतात.

फॉस्फेटनंही हिशोब पुरा होत नसेल तर खनिजच विरघळवा. कॅल्शियम पकडणारं ईडीटीए पीएच ८ ला हे काम नीट करतं, खाली काही उरत नाही आणि गाडलेलं प्रथिनही सुटतं. ईडीटीए बीसीए पद्धतीतलं तांबं पकडतं, म्हणून आधी डायलिसिस करा किंवा ब्रॅडफर्ड वापरा. उलट एसडीएस असेल तर ब्रॅडफर्ड बिघडतं आणि बीसीए चालतं. फॉस्फेटनं निघालेलं आणि खनिज विरघळवल्यावर निघालेलं यांतला फरक टिपून ठेवा. तो मोठा असेल तर प्रयोगादरम्यान नवं खनिज जमलंय, म्हणजे बफरचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

प्रथिन कुठल्या जागांवर बसलंय हेही यातून कळतं. १ मोलर मिठानं सहज निघालं तर नुसतं भारांचं आकर्षण होतं. मिठाला दाद न देता फॉस्फेटनं निघालं तर कॅल्शियमच्या जागांवर घट्ट बसलं होतं. ही दहा मिनिटांची चाचणी कुठल्याही लँगम्युअर ग्राफपेक्षा (द्रावणाची तीव्रता आणि बसलेलं प्रथिन यांच्या ग्राफपेक्षा) जास्त सांगते. लँगम्युअरचं समीकरण सुंदर जुळतं, पण ते उलटसुलट होणारी क्रिया धरून चालतं. बसलेलं ॲल्ब्युमिन बफर पातळ केला म्हणून सुटत नाही. तेव्हा त्या ग्राफवरून काढलेल्या स्थिरांकाला फार अर्थ देऊ नका.

चमकणारा रंग लावलेलं ॲल्ब्युमिन वापरत असाल तर एक धोका आहे. एफआयटीसी हा रंग प्रथिनातल्या लायसिनला जोडला जातो, तिथला धनभार जातो, आणि प्रथिन आणखी ऋणभारित होतं. न जोडलेला मोकळा रंग राहिला असेल तर तोही ॲपटाइटवर बसतो. कॉलममधून मोकळा रंग काढा, आणि बिनरंगाच्या प्रथिनाबरोबर तुलना एकदा तरी करा.

बीएसएवर सगळं जुळतं, प्लाझ्मात फिसकटतं

रक्तात ॲल्ब्युमिन लिटरला ३५ ते ५० ग्रॅम, फायब्रिनोजेन २ ते ४ ग्रॅम, फायब्रोनेक्टिन सुमारे ०.३ ग्रॅम. एकट्या ॲल्ब्युमिनच्या प्रयोगावरून या गर्दीत काय होईल हे सांगता येत नाही. जे भरपूर आहे आणि लवकर पोचतं ते आधी बसतं, नंतर जास्त ओढीचं प्रथिन त्याला बाजूला सारतं. रक्तशास्त्रज्ञ लिओ व्ह्रोमान यांनी काचेसारख्या पृष्ठभागांवर दाखवलं की प्लाझ्मातून (पेशी काढलेल्या, न गोठलेल्या रक्तद्रवातून) आधी बसलेल्या फायब्रिनोजेनची जागा पुढे उच्च वजनाचं कायनिनोजेन घेतं. ॲपटाइटवर तर आणखी एक गट उतरतो: के जीवनसत्त्वावर अवलंबून असणारी प्रोथ्रॉम्बिनसारखी प्रथिनं. त्यांच्या अंगी कॅल्शियम धरणारं गॅमा-कार्बोक्सिग्लुटामिक आम्ल असतं. हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिनचीही पकड याच आम्लाची. म्हणून १० टक्के सीरम, १०० टक्के सीरम आणि प्लाझ्मा यांत वेगवेगळे थर मिळाले तर त्यात गोंधळ नाही, ती तीन वेगळी उत्तरं आहेत. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात, फायब्रिनोजेन नसतंच. आणि गाईच्या भ्रूणाच्या सीरममध्ये फेट्युइन भरपूर असतं, जे ॲपटाइटची वाढ रोखतं. माणसाच्या रक्ताचा अंदाज त्यावरून बांधू नये.

पण प्लाझ्मातल्या बहुतेक तक्रारींचं कारण याहून साधं असतं: ट्यूबच्या टोपणाचा रंग. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. प्लाझ्मात ते १० मिलिमोलरच्या वर जातं, ॲपटाइटच्या कॅल्शियमला घट्ट धरतं आणि ॲल्ब्युमिनची जागा अडवतं. जांभळ्या टोपणातलं ईडीटीए तर तुमचा नमुनाच विरघळवतं. ते या प्रयोगात कधीच नको. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन तीव्र ऋणभारित असल्यामुळे स्वतः ॲपटाइटवर बसतं, शिवाय फायब्रोनेक्टिनलाही धरतं. कॅल्शियमला हात न लावणारं हिरुडिन परवडत असेल तर तेच घ्या. नाहीतर सायट्रेट घ्या, पण सगळ्या नमुन्यांना एकच, आणि निष्कर्षात त्याचा उल्लेख करून. वेगवेगळ्या रक्तदात्यांच्या ट्यूब वेगवेगळ्या रंगांच्या आल्या तर त्या एकत्र करू नका. माणसाच्या रक्तावर काम करायला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, ती घेताना कुठला प्रतिगोठक वापरणार हेही अर्जात लिहून टाका, म्हणजे पुढे तो बदलला जात नाही.

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पाहताना लक्षात ठेवा की फायब्रिनोजेनची सगळ्यांत मोठी साखळी ॲल्ब्युमिनच्या पट्टीच्या अगदी जवळ, ६६ किलोडाल्टनच्या आसपास पडते. तिथली जाड पट्टी पाहून 'ॲल्ब्युमिन बसलं' असं लिहिण्याआधी ५६ आणि ४७ जवळच्या पट्ट्या पाहा. त्या असतील तर फायब्रिनोजेन आहे. नमुन्यात मीठ आणि फॉस्फेट जास्त असेल तर पट्ट्या पसरतात, आधी डायलिसिस करा.

शेवटचं कारण फ्रीजरमधलं. गोठवलेला प्लाझ्मा बर्फावर किंवा ४ अंशांवर सावकाश वितळवला की तळाशी पांढुरका गाळ दिसतो. तो क्रायोप्रेसिपिटेट, आणि त्यात नेमकं फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन जमा होतं. वरचा स्वच्छ द्रव घेऊन प्रयोग केला तर ज्या दोन प्रथिनांसाठी हा खटाटोप चालला आहे तीच ट्यूबमध्ये मागे राहतात, आणि मागच्या महिन्यात दिसलेली पट्टी या महिन्यात गायब होते. प्लाझ्मा एका प्रयोगापुरत्या भागांत गोठवा, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवा, हलकेच उलटसुलट करून गाळ नाही याची खात्री करा, आणि उरलेला पुन्हा गोठवू नका.